झोपवायचा कार्यक्रम दीड तास चालतो, काय करू?

एका बाबांचं पत्र आलंय, बरंच मोठं, आणि रात्री उशिरा लिहिलेलं दिसतंय, त्यामुळे कामाचं तेवढंच इथे देते.

"मुलगी साडेचार वर्षांची आहे. साडेआठला दात घासून झाले की आमची मिरवणूक निघते. प्रत्येक खोलीत जाऊन दिवा लावायचा, पंख्याला, कपाटाला, वॉशिंग मशीनला गुड नाईट म्हणायचं. मग एक कान तुटलेला ससा आहे, त्याला मी विचारायचं की आज कुणाला त्रास दिलास, आणि सशाच्या आवाजात उत्तरही मीच द्यायचं. मग तीच ती गोष्ट, रोज. मग उशीची थंड बाजू वर, उशीवर तीन फुंकरा, आणि शेवटी मी 'झगडुंबा' म्हणत उलट्या पावलांनी खोलीबाहेर जायचं. मधे काही चुकलं की पहिल्यापासून. आधी वीस मिनिटांत आटपायचं, आता झोपेपर्यंत दहा वाजतात. सकाळी सातला उठवतो, दुपारी शाळेतून आली की आजीजवळ दोन तास झोपते. माझी आई म्हणते तूच डोक्यावर बसवून ठेवलंयस, बंद कर एकदम, दोन दिवस रडेल आणि विसरेल. बायकोने करायला घेतलं तर चालत नाही, बाबाच हवा. पुढच्या महिन्यात मला चार दिवस कामासाठी बाहेरगावी जायचंय. हे नॉर्मल आहे का? आणि बंद कसं करू?"

नमस्कार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते, हो, नॉर्मल आहे, वॉशिंग मशीनसकट. या वयातली मुलं ही मोठी कर्मठ माणसं असतात. आर्नोल्ड गेझेल नावाच्या अमेरिकन बालविकासतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लिहून ठेवलंय की अडीच वर्षांच्या आसपास मुलांना सगळं ठरलेल्या क्रमानेच लागतं. पुढे 1997 मध्ये डेव्हिड इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 8 ते 72 महिन्यांच्या मुलांच्या आईवडिलांना याच गोष्टी विचारल्या, म्हणजे मूल वस्तू एका विशिष्ट जागीच ठेवतं का, तेच तेच परत करायला लावतं का, झोपायच्या आधी ठरलेला क्रम लागतो का, आणि दिसलं असं की हे सगळं 2 ते 4 वर्षं या काळात जोरात असतं आणि मग हळूहळू ओसरतं. तुमची मुलगी त्या काळाच्या शेवटाकडे आहे. माझा भाचा लहानपणी दोन्ही पायांना वेगवेगळं गुड नाईट म्हणवून घ्यायचा, डाव्याला आधी, आता तो कॉलेजात आहे आणि दोन्ही पाय व्यवस्थित आहेत.

आणि यात तिला मिळतं काय तर, बघा, दिवसभर तिच्या आयुष्यात तिने ठरवलेलं फार थोडं असतं. कधी उठायचं, काय घालायचं, शाळेत कधी जायचं, सगळं मोठ्यांचं. त्यात रात्री तर आणखी अवघड काम, दिवा जाणार, आईबाबा दुसरीकडे जाणार, एकटीने डोळे मिटायचे. त्या वेळी एक गोष्ट तरी कालच्यासारखीच होणार याची तिला खात्री हवी असते. तुमचं 'झगडुंबा' ही ती खात्री आहे. म्हणून मला ते बंद करायचं नाहीये, आणि तुम्हालाही नसावं. तुमच्या पत्रात सशाच्या आवाजाबद्दल तुम्ही जितक्या बारकाईने लिहिलंय त्यावरून तुम्हाला तो भाग आवडतो असाच माझा अंदाज आहे, तुम्ही वैतागलाय ते दहा वाजण्यावर.

तर मग दहा का वाजतात ते बघू, कारण माझ्या मते खरा घोळ तिथे आहे आणि तो सशाचा नाही.

जरा हिशोब करा. रात्री दहा ते सकाळी सात म्हणजे नऊ तास, दुपारचे दोन, झाले अकरा. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये दिलेली शिफारस 3 ते 5 वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत 10 ते 13 तास अशी आहे, दुपारची झोप धरून, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये 3 ते 4 वर्षांसाठी हाच आकडा दिलाय. म्हणजे मुलीची झोप पूर्ण होतेय. ती झोपेला उपाशी नाहीये. साडेचारच्या सुमारास दुपारची झोप संपवून उठलेलं मूल साडेआठला झोपायला तयार नसतं, ते काही तिच्या हातात नाही. वर शरीराची एक खोड अशी की रोज ज्या वेळी झोप लागते त्याच्या आधीचा तासदीड तास उलट जास्तच तरतरी असते. मोठ्यांचंही तेच होतं, रोज बाराला झोपणाऱ्याने एक दिवस दहाला पडून बघावं, नुसता कूस बदलत राहतो. मग तुम्ही साडेआठला तिला अंथरुणाकडे नेता आणि झोप येणार दहाला, मधला सगळा वेळ तिने करायचं काय? ती बिचारी कार्यक्रम वाढवते. आज कपाट, उद्या वॉशिंग मशीन, परवा तीन फुंकरा. आणि वाढवलेली प्रत्येक गोष्ट चालून जाते, बाबा थांबतो, म्हणजे तिच्या दृष्टीने युक्ती शंभर टक्के यशस्वी. चुकलं की पहिल्यापासून हा नियम तर मला फार हुशारीचा वाटला, मी असते तर मीही तोच केला असता.

म्हणून सगळ्यात आधी वेळ सरकवा, आणि उलट्या दिशेने. पहिले काही दिवस साडेआठला काहीच सुरू करू नका, हॉलमध्ये बसून चित्र काढा, ठोकळे लावा, शांतपणे काहीही, आणि मिरवणूक साडेनऊला काढा. ऐकायला विचित्र वाटतं, घरातले लोक म्हणतील आता आणखी उशीर? पण ही झोपतज्ज्ञांची नेहमीची पद्धत आहे, मूल खरंच ज्या वेळी झोपतं तिथे आधी जायचं, अंथरुणात पडलं की झोप लागते हे त्याच्या अंगवळणी पडू द्यायचं, आणि मग दर दोनतीन दिवसांनी पंधरा पंधरा मिनिटं अलीकडे आणायचं. सकाळी सातला मात्र उठवायचंच, रविवारीही, नाहीतर सगळं मुसळ केरात.

यात दुपारची झोप येते आणि दुपारची झोप म्हणजे आजी, म्हणजे नाजूक विषय. या वयात बऱ्याच मुलांची दुपारची झोप सुटत आलेली असते, पाच वर्षांपर्यंत बहुतेकांची सुटतेच. दोन तासांची तासावर आणा, मग पाऊण तास, आणि तीनच्या पुढे झोपू देऊ नका. पण आईंना हे सांगताना एक लक्षात घ्या की ते दोन तास आईंचीही विश्रांती आहे, सकाळपासून घर आणि मग नात, त्यांनाही पाठ टेकायची असते. नात जागी ठेवा एवढंच सांगितलंत तर तुम्ही त्यांची दुपार काढून घेताय. त्यापेक्षा मुलीला असं सांगा की आजी झोपली की तू तिच्याजवळ पुस्तकं घेऊन लोळायचं, आवाज न करता, घड्याळाचा मोठा काटा अमुक ठिकाणी येईपर्यंत. रोज जमेल असं नाही, कधी कधी तिलाच पेंग येईल, तर येऊ दे, तासाभराने उठवा.

आईंचा दुसरा मुद्दा, एकदम बंद कर. याने होतं का तर होतं कधी कधी, पण आधी रडणं जोरात वाढतं, भोकाड, उलटी होईपर्यंत वगैरे, आणि त्या वाढलेल्या रडण्याला घाबरून तिसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी विरघळतं. आणि मग मुलीला कळतं ते एवढंच की तीन दिवस जोर लावला की मिळतं. तुमच्या घरात तीन मोठी माणसं आहेत, त्यातलं एकही विरघळणार नाही असं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता का? मला तर पहिल्या आजीच विरघळतील असं वाटतं.

आता कार्यक्रमाकडे येऊ, कारण त्यातही थोडी डागडुजी हवी. जोडी मिंडेल या अमेरिकेतल्या बालझोपेच्या अभ्यासक, त्यांनी 2009 मध्ये 405 आया आणि त्यांची 7 ते 36 महिन्यांची मुलं घेऊन तीन आठवड्यांचा अभ्यास केला होता. काही घरांना रोज रात्री तीनच गोष्टी करायला सांगितल्या, आंघोळ, मग अंगाला मालिश किंवा लोशन, मग काहीतरी शांत, कुशीत घेणं किंवा अंगाई, आणि अर्ध्या तासाच्या आत दिवा बंद. मुलं लवकर झोपायला लागली, रात्री कमी उठायला लागली, आणि आयांचा मूडही सुधारला. हा शेवटचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे 2015 मध्ये चौदा देशांतल्या 10,085 आयांकडून माहिती घेतली त्यातही हेच निघालं की आठवड्यातल्या जितक्या जास्त रात्री ठरलेला क्रम, तितकी झोप चांगली. म्हणजे क्रम असणं ही चांगलीच गोष्ट, फक्त तो आटोपशीर हवा आणि त्याला शेवट हवा. तुमच्या क्रमाला शेवट नाहीये. तुम्ही उलट्या पावलांनी बाहेर जाता आणि मग ती हाक मारते, बरोबर ना? पत्रात लिहिलेलं नाही पण मी पैज लावते.

शेवट नसायचं कारण असं की शेवटची गोष्ट तुमच्याकडे आहे. बाबाने बाहेर जायचं, बाबाने शब्द म्हणायचा. जोपर्यंत कार्यक्रमाचा शेवट तुम्ही करताय तोपर्यंत तो तुम्हाला परत करायला लावता येतो, नीट नाही म्हणालास, परत म्हण. शेवट तिच्याकडे द्या. म्हणजे तुम्ही 'झगडुंबा' म्हणत बाहेर जाल, आणि त्यानंतरचं काम तिचं, सशाला झोपवायचं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा, त्याला सांगायचं की बाबा बाहेर आहे, घाबरू नकोस. ससा जागा आहे म्हणाली तर सांगा, अरे मग तूच त्याला थोपट, तुझंच ऐकतो तो. दिवसभर आपल्याला सांभाळणारे लोक आजूबाजूला असताना रात्री आपण कुणालातरी सांभाळायचं, हे मुलांना जाम आवडतं. लहान मुलाच्या अशा लाडक्या वस्तूबद्दल डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच लिहिलंय, की आई जवळ असणं आणि नसणं यांच्या मधल्या जागेत ती वस्तू मुलाला साथ देते. त्यामुळे तो कान शिवून वगैरे घेऊ नका, आणि धुवायचा तर तिला विचारून.

दिव्यांची मिरवणूक मला खरं तर सगळ्यात आवडली पण ती उलटी चाललीये. तुम्ही झोपायच्या वेळी घरातले सगळे दिवे लावत फिरताय. कोलोराडो विद्यापीठात 2018 मध्ये 3 ते 5 वर्षांच्या दहा मुलांवर एक छोटा अभ्यास झाला होता, झोपायच्या आधीचा तासभर प्रखर उजेडात खेळवलं तर झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन साधारण 88 टक्क्यांनी दबलं, आणि दिवा घालवून पन्नास मिनिटं झाली तरी पूर्ण वर आलं नव्हतं. तुमच्या घरात काही तेवढा लखलखाट नसेल, पण लहान मुलांच्या डोळ्यांत उजेड मोठ्यांपेक्षा जास्त शिरतो. तर बदल एवढाच, दिवे आधीपासून लावलेले ठेवा आणि मिरवणूक ते बंद करत करत जाऊ दे. बटण तिनेच दाबायचं, "गुड नाईट पंखा", टक. "गुड नाईट कपाट", टक. (पंखा बंद नका करू, नाहीतर तो वेगळाच तंटा.) घर एका बाजूने अंधारत जातं आणि शेवटचा मिणमिणता दिवा तिच्या खोलीत. आता नवीन वस्तू वाढवायची असेल तर? वाढवू दे की, पण संध्याकाळी. जेवताना विचारा, आज कुणाकुणाला गुड नाईट आहे, पाचच जण, ठरव. आज मिक्सर घ्यायचा तर कपाट सुट्टीवर. अंथरुणात पडल्यावर नवीन नावं घ्यायची नाहीत, त्यांचा नंबर उद्या. घासाघीस उजेडात, भरल्या पोटी झाली की तुम्हीही नीट बोलता आणि तीही.

आणि चुकलं की पहिल्यापासून हे मात्र बंद, यावर मी ठाम आहे. पण "आजपासून परत करणार नाही" असं जाहीर नका करू. दिवसा सशाकडून चूक करवा. ससा फुंकरा दोनच मारतो, मग म्हणतो, अरेच्चा, एक राहिली, जाऊ दे, उद्या चार मारू. चार दिवस ससा चुकू दे, मग एखाद्या रात्री तुम्ही चुका, आणि सशाचंच वाक्य म्हणा. थोडी कुरकुर होईल. चुकलेल्या गोष्टीनंतरही झोप लागते हे तिला कळायला हवं, आणि ते सांगून कळत नाही, एकदोनदा झोप लागावीच लागते.

तीच ती गोष्ट रोज, याबद्दल तुमची तक्रार मी ऐकली पण तिच्यावर काही करणार नाहीये. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट यांच्या 2011 च्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना तीच गोष्ट परत परत वाचून दाखवली तेव्हा ती नवे शब्द जास्त चांगले शिकली, वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा. सहन करा.

बाहेर आल्यावर हाका येत असतील तर एक पुठ्ठ्याचं कार्ड करा, तिलाच रंगवू द्या. नियम असा की रात्री एकदा हे कार्ड देऊन ती बाहेर येऊ शकते किंवा तुम्हाला बोलावू शकते, पाणी, शू, एक पापी, काहीही, मग कार्ड जमा, पुढच्या हाकेला जायचं नाही, फार तर बाहेरूनच शांतपणे एक वाक्य. ही पॅट्रिक फ्रिमन आणि सहकाऱ्यांची 1999 ची युक्ती आहे, 2007 मध्ये 3 ते 6 वर्षांच्या मुलांवर परत तपासली गेली आणि हाका आणि उठून येणं दोन्ही कमी झालं. गंमत म्हणजे कित्येक मुलं कार्ड वापरतच नाहीत, उशीखाली जपून ठेवतात. कार्ड आहे एवढं पुरतं त्यांना. पण हे वेळ सरकवल्यानंतर करा. झोपच आलेली नसताना कार्ड दिलंत तर पहिल्या पाच मिनिटांत खर्च होईल आणि पुढचा तास तुम्ही आणि बंद दार.

एक काळजीची गोष्ट पटकन सांगून ठेवते. हे कर्मकांड दिवसाही पसरायला लागलं, म्हणजे हात परत परत धुणं, दारातून जाताना मागे येऊन परत जाणं, आणि ते करताना मजा दिसत नसेल, नुसती भीती दिसत असेल, किंवा वय वाढतंय तसं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच असेल, तर मुलांच्या डॉक्टरांशी बोला. रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल तरी बोला, ते वेगळं दुखणं आहे. तुमच्या पत्रात यातलं काही नाहीये.

आता बायको आणि तुमचा दौरा. "आईने केलं तर चालत नाही", कारण आई तुमची नक्कल करायला जाते आणि सशाचा आवाज जमत नाही, हे उघड आहे. नक्कल करूच नका म्हणावं. आईने सरळ सांगायचं, मला यातलं काही येत नाही, तू शिकव. मग आधी कुठला दिवा, ससा काय म्हणतो, सगळं मुलगी सांगणार, आई विद्यार्थी. आईने एखादी चूक केली तर मुलगी ती सुधारेल, रागावून नाही, बाईंच्या थाटात. आणि आईचा स्वतःचा एक भाग त्यात हवा जो बाबाच्या रात्री नसतो, मग ते पाठीवर बोटाने चित्र काढणं असेल किंवा अंधारात कुजबुजत दिवसातली एक गंमत सांगणं असेल. दोन आवृत्त्या असल्या म्हणून मुलं गोंधळत नाहीत, कुणाकडे काय चालतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त पक्कं माहीत असतं. मात्र ही सुरुवात तुम्ही घरात असतानाच करा, आठवड्यातून दोन रात्री आईच्या, आणि त्या रात्री तुम्ही खरंच घराबाहेर जा, फेरी मारून या. दाराआड उभं राहून ऐकत बसू नका, तिला कळतं.

वेळ सरकवायचं काम आजपासूनच घ्या हाती, म्हणजे दौऱ्यापर्यंत बरंचसं बसलेलं असेल. दौऱ्याच्या आधीचे चारपाच दिवस आणि ते चार दिवस नवीन काही काढू नका, जिथवर आलाय तिथेच राहा. बाहेरगावी असताना व्हिडिओ कॉल झोपायच्या वेळी करू नका, बाबा स्क्रीनवर दिसला की मिरवणूक पहिल्यापासून सुरू होणार आणि फोन ठेवताना रडारड तुमच्या बायकोच्या वाट्याला. संध्याकाळी सहासातला करा, हवं तर सशाशीही बोला, आणि झोपवणं त्या चार दिवसांपुरतं पूर्ण त्यांच्यावर सोडा, दहाला "झोपली का" असा मेसेजही नको.